दादाने पाणी घातलं होतं

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. दादाच्या नातवाला जुनी पिकअप घ्यायची आहे. मळ्यातली भाजी दुसऱ्याच्या गाडीत भाडं भरून अमरावतीला न्यायचा त्याला कंटाळा आला आहे. त्याने तीन-चार गाड्यांचे फोटो मोबाइलमध्ये आणले होते. माझं सारं आयुष्य मोटारींच्या पोटाखाली गेलं, म्हणून तो माझ्याजवळ येऊन बसला.

"आबा, यातली कोन्ती भरोशाची वाटते तुमाले?"

मी म्हणालो, फोटोवरून काय कळणार, पाणी-ऑइल बघावं लागेल. तेवढ्यात तो हसून म्हणाला, "पान्याची चिंता नका करू. मी काही आजोबासारखा पानी टाकाले विसरत नाही!"

ओसरीवर सगळे हसले. सवयीने मीही हसलो. वहिनी कोपऱ्यात मेथी निवडत होती. तिचे हात थांबले, आणि मग परत चालू झाले.

हा विनोद आमच्या घरात साठ वर्षांपेक्षा जुना आहे. तो खोटा आहे. माझा थोरला भाऊ गाडीत पाणी घालायला विसरला नव्हता. ही गोष्ट मला त्याच दिवशी कळली होती. मी ती कोणाला सांगितली नाही. दादाला जाऊन आता अकरा वर्षं होतील. हे लिहितो आहे ते त्याच्या नातवंडांनी वाचावं म्हणून.

तेव्हा लढाई नुकतीच संपली होती. लष्कराजवळ उरलेला माल सरकारने विकायला काढला होता. लोक त्याला डिस्पोजल म्हणत. घोंगड्या, बूट, पत्र्याचे डबे, तंबू आणि मोटारी. व्यापारी त्या मोटारी लिलावात घेत, रंगवत आणि आमच्यासारख्यांना विकत. पुढे मोटारीसारखी बसायची जागा आणि मागे उघडा हौदा असलेली लहान मालमोटार त्यात फार चालायची. वांगी, मिरची, भोपळे नेणाऱ्या माणसाला तीच हवी असे.

आमचा मळा तिवशाच्या अलीकडे, नागपूर रस्त्यापासून कोसभर आत. दुपारी बैलबंडी जुपायची, ती दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीच्या बाजारात टेकायची. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांवर ओलं फडकं टाकलं तरी पोचेपर्यंत त्या मान टाकत. वायगावकडचे आणि जवळपासचे मळेवाले आधी पोचून भाव खाऊन जात. बाबा म्हणत, "माल आपला चांगला, पन तो रस्त्यातच म्हातारा होते."

मी तेव्हा वीस वर्षांचा. दोन वर्षं अकोल्याला एका मोटार कारखान्यात उस्तादांच्या हाताखाली काम केलं होतं. गावात मोटारीचं झाकण उघडून आत बघणारा मी एकटाच. त्यामुळे जेव्हा बाबांनी बैलांची एक जोडी विकली आणि गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा ती मी निवडायची हे कोणाला वेगळं सांगावं लागलं नाही. मी, दादा आणि बाबा असे तिघे अकोल्याला गेलो.

जठारपेठेजवळ एका मोकळ्या जागेत दलालाने गाड्या उभ्या केल्या होत्या. आमच्या कामाच्या दोनच होत्या. एक जुन्या लष्करी रंगाची, दरवाजा चेपलेला, मडगार्ड वाकलेलं. दुसरी ताजी हिरवी रंगवलेली, चाकांच्या मध्ये लाल ठिपके काढलेली. मी तिच्याकडेच गेलो.

"या पाटील, या!" दलाल म्हणाला.

"आमी कुठचे पाटील," बाबा म्हणाले. "आमी भाजीवाले."

"गाडीत बसले का झाले पाटील!"

बाबांचं गाड्यांकडे लक्ष होतं. ते बैल घ्यायला गेले की जसे चालत, तसे त्या चेपलेल्या गाडीभोवती चालले. हौद्यात हात घालून फळ्यांवरून तळवा फिरवला. मला हाक मारली.

"हे पाह्य. वझं वाहून वाहून फळ्या कशा गुळगुळीत झाल्या. ही कामातली हाय. खांद्याले घट्टे पडलेला बैल अन् ही, एकच समज."

"आणि ती?" दादाने हिरवीकडे बोट दाखवलं.

"ती कोनं सजवली, काहून सजवली, ते आपल्याले काय मालूम." मग बाबा दलालाला म्हणाले, "दोनी गाड्याइत वझं भरू. मूर्तिजापूरपावेतो नेऊ अन् वापस आनू. मंग कोन्ती धापा टाकते ते दिसन."

आमच्याकडे बैल असाच घेतात. दात बघतात, खूर बघतात, पण सौदा होतो तो बैलाला भरल्या गाडीला जुपून, चाकं बांधून ओढायला लावल्यावर. रिकाम्या बैलाचा सौदा कोणी करत नाही. बाबांना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. मला लाज वाटली. आजूबाजूला अकोल्याची माणसं उभी होती, त्यांतले दोघे आमच्या कारखान्यात येणारे.

"बाबा," मी मोठ्याने म्हणालो, "हे बैल नाहीत."

माणसं हसली. दलाल म्हणाला, "बरं झालं, बुढ्यानं गाडीचे दात नाही मोजले!" बाबाही थोडं हसले. धोतर सावरून ते निंबाच्या सावलीला उकिडवे बसले.

दादा मात्र बोलला. "बाबा म्हनते तसं करून पाहाले काय जाते रे? दिवसच तं जाईन."

"तुले काय कळते, दादा?"

मी त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान.

मी माझ्या पद्धतीने गाडीची परीक्षा केली. गाडीखाली झोपून सांगाड्याचे लांब लोखंडी पाट तपासले. कुठे जोड दिसला नाही. चाकं उचलून हलवली. हँडल मारलं, एका फेऱ्यात इंजिन चालू झालं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवून मूठ कानाला लावली, आवाज सरळ होता. धूर पांढरा नव्हता, काळा नव्हता. सगळं उस्तादांनी शिकवलं तसं. एक सोडून. उस्ताद म्हणत, गाडी थंडी असेल तोवर तिचं काहीच खरं मानू नको, तासभर पळव, मग विचार. मला तासभर थांबायचं नव्हतं. मी बाबांकडे बघून मान हलवली.

बाबा उठले. त्यांनी आणि दलालाने उपरण्याखाली हात घेतले. बैलबाजारात आणि अकोल्याच्या कापूसबाजारात भाव असाच होई. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायची, तोंडाने काही बोलायचं नाही. हात सुटले आणि दलालाने बाबांच्या पाठीवर थाप मारली. सौदा झाला होता. एकदा हात दिला की तो परत घ्यायचा नसतो. जो घेतो त्याच्याशी पुढे बाजारात कोणी हात मिळवत नाही.

इंजिन तोवर चालूच होतं, थोडं तापलं होतं. मी सहज रेडिएटरचं झाकण फिरवलं. आत बोट घातलं. बोट पिवळं निघालं. मी वास घेतला. हळद होती.

इंजिनाच्या लोखंडाला बारीक चीर गेली, पाणी झिरपू लागलं, तर रेडिएटरमध्ये हळद टाकतात. ती पाण्याबरोबर फिरते, चिरेत जाऊन बसते आणि गळती काही दिवस थांबते. हे मी स्वतः उस्तादांच्या सांगण्यावरून दोन-तीनदा केलं होतं, घरापर्यंत पोचायची गाडी असेल तर. विकायच्या गाडीत ती कशासाठी टाकतात, हे मला सांगायला कोणी नको होतं.

मी वळलो. बाबा त्या माणसांना सांगत होते, "माह्या लहान्याची पारख हाय ही. मी तं दुसरीच घेऊन बसलो असतो." त्यांच्या तोंडावरचा आनंद मला अजून दिसतो. मी बोट पॅन्टच्या मागच्या बाजूला पुसलं.

त्या क्षणी बोललो असतो तर बाबांचा हात खाली पडला असता आणि माझी मान. एवढंच होतं. त्यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं, सापडलं नाही.

गाडी घरी आली. वहिनीने तिला कुंकू लावलं. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मी दादाला गाडी शिकवली. तो आठवड्यात शिकला. नागपूरहून मंजूर झालेली रेशनच्या पेट्रोलची कुपनं हातात आली की आमची गाडी सांबार, वांगी, पालक भरून निघायची आणि उन्हं वर यायच्या आत अमरावतीच्या भाजीबाजारात उभी राहायची. जुड्या ताठ असायच्या. चार महिने असं चाललं.

त्या चार महिन्यांत मी काय करत होतो ते सांगतो. तिवशाच्या दुकानातून हळद आणत होतो. औजारांच्या पेटीत, चिंध्यांखाली ती पुडी असे. दर तीन-चार दिवसांनी थोडी रेडिएटरमध्ये टाकायचो. चीर गळू नये म्हणून. हळद चिरेत बसते तशीच ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते, हे मला ठाऊक होतं. नळ्या बुजल्या की पाणी फिरत नाही. पाणी भरलेलं असलं तरी इंजिन तापतं. मी मनाशी म्हणायचो, दिवाळी झाली की इंजिन उतरवू, डाग देऊन घेऊ, तेव्हा काहीतरी सांगू.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी अकोल्याला उस्तादांकडे एक सुटा भाग आणायला गेलो होतो. दादा एकटाच झेंडू भरून निघाला. हौदा शिगोशीग भरला होता. त्या एका दिवसाच्या फुलांवर आमचं घर निम्मं वर्ष चालत असे. नांदगाव पेठेच्या अलीकडे गाडीने वाफ सोडली. दादाने गाडी बाजूला घेतली, प्यायचं पाणी ओतलं. ते उकळून वर आलं. मैलभर पुढे नेल्यावर इंजिनात खाडकन आवाज झाला आणि ते जागच्या जागी जाम झालं.

फुलं तिथेच राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला दादाने ओंजळ-ओंजळ वाटून टाकली. मग एका शेतकऱ्याची बैलजोडी मागून, गाडीला दोर बांधून तो परत निघाला. दोन दिवस लागले त्याला. मी तोवर घरी आलो होतो. गावात शिरताना पुढे बैल, मागे हिरवी मोटार, आणि स्टिअरिंगवर दादा. सारं गाव बघायला उभं होतं.

"बरं केलं, लेका! पेट्रोल वाचवलं!"

"बैलाले पुढं अन् मोटारले मांगं! आता कडबा कोनाले टाकतं?"

दादा खाली उतरला. त्याचे डोळे धुळीने लाल झाले होते. बाबांनी मला विचारलं, "काय झालं, पाह्य बरं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी झाकण उघडलं. पाणी उकळून संपलं होतं, तळाशी आणि नळ्यांच्या तोंडाशी पिवळा चिखल वाळून बसला होता. मी झाकण लावलं.

"पाणी नव्हतं," मी म्हणालो.

ते दोन शब्द बोलायला मला काही त्रास झाला नाही, हेही लिहून ठेवायला हवं. सहज बोललो.

दादा म्हणाला, "पाह्यलं होतं मी पानी."

"पाहिलं असतं तर असं झालं असतं का, दादा?"

बाबा दादाकडे बघत नव्हते. ते गाडीच्या हौद्याकडे बघत होते, तिथे चिरडलेल्या झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवताना दादा आपणहून म्हणाला, "मले वाटते, मी पाह्यलं असंन पानी." आणि आठ-दहा दिवसांनी, मोटेवर आम्ही दोघंच असताना तो मला म्हणाला, "लहान्या, नसंनच पाह्यलं मी. फुलं भराच्या घाईत राह्यलं असंन." मी ऐकलं. मी मोटेचा दोर धरून उभा होतो, बैल मागे सरत होते, आणि मी फक्त हूं म्हणालो.

ज्या माणसाला आपलं काम नीट आठवत होतं, त्याची आठवण मी काढून घेतली. गाडी गेली, जोडी गेली, फुलं गेली, ते भरून निघालं. पुढे चांगलं पीक आलं. हे मात्र भरून निघालं नाही.

रेडिएटर मी काढून विहिरीजवळ एकट्यानेच धुतला. पिवळं पाणी वांग्यांच्या वाफ्यात गेलं. गाडी भंगारात दिली.

दादाने त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. पुढे पंचवीस वर्षांनी त्याच्या मुलाने ट्रॅक्टर आणला, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, बसून तं पाहा." दादा म्हणाला, "नको रे बाप्पा, माह्या हातात यंत्र टिकत नाही." बैलांना पाणी दाखवायला नेलं की कोणीतरी म्हणेच, "आज आठवलं वाटते पानी!" तो हसायचा. हळूहळू तो स्वतःच तो किस्सा सांगू लागला. लग्नाकार्यात, पंगतीत, पाहुण्यांना. लोक हसत. मी समोर बसलेला असे. तो माझ्याकडे बघून म्हणे, "इचारा आमच्या लहान्याले, यानंच पकडलं मले." आणि मी अमरावतीत कारखाना घातला. पुष्कळ चालला. इंजिनाचा रोग झाकण उघडताच ओळखणारा म्हणून माझं नाव झालं.

नातू हसला त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. दुपारी घरची मंडळी मळ्यात गेली. ओसरीवर वहिनी, नातू आणि मी होतो. मी म्हणालो, "थांब, तुला गाडी कशी घेऊ नये ते सांगतो." आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं. बोलायला बराच वेळ लागला. माझ्या वयात सलग बोलवत नाही. नातू खाली बघत होता. मोबाइल त्याने उलटा ठेवला होता.

वहिनी ऐकत होती. तिची मेथी निवडून झाली होती, तरी ती मेथीच्या पाटीत हात घालून बसली होती. माझं संपल्यावर ती म्हणाली,

"भाऊजी, त्या दिवशी कळशी मी देल्ली होती त्याइले."

मला काही कळलं नाही.

"सकाळी. गाडीत टाकाले. दोन कळश्या. म्या सोता विहिरीवरून आनल्या. त्याइनं माह्या डोयापुढं ओतल्या अन् म्हने, भरली, आता उतू चालली."

"तुम्ही तेव्हा बोलला का नाही?"

"बोलली ना! त्याइच्यापाशी बोलली. मामंजीच्या पुढं मी कशी बोलू? नवी सून. हे म्हने, तू गप्प राह्य. लहान्याले गाडीतलं कळते, तो म्हनते तं नसंनच. मले म्हने, तू देल्ली असंन दुसऱ्या कोन्त्या दिवशी, तुले याद नाही." तिने मेथीची एक काडी उचलून बाजूला टाकली. "मंग मलेही तसंच वाटाले लागलं होतं काही वर्षं."

मी तिची माफी मागितली. जमिनीवर डोकं टेकवायला वाकलो, तर नातवाने मला धरलं. वहिनीने माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "माह्यापाशी बोलून काय करता आता. ज्याइले हासू आलं होतं त्याइले सांगा." मी म्हणालो, त्यांतलं कोणी राहिलं नाही. "नाही राह्यलं तं त्याइच्या पोराइले सांगा. लिवून द्या."

म्हणून मी लिहिलं. परवा तिला वाचून दाखवायला गेलो होतो. नातवाने वाचलं, मला आता बारीक अक्षर दिसत नाही. ती भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, "हे सारं खरं हाय. पन भाऊजी, ते गाडी कशी चालवे हे नाही लिवलं तुमी."

मी म्हणालो, लिहिलंय की, आठवड्यात शिकला.

"शिकला म्हनजे झालं काय? कशी चालवे ते लिवा. त्याइच्या पोराइनं त्याइले चालवताना पाह्यलंच नाही."

तर तेही लिहितो. दादा गाडी फार छान चालवायचा. माझ्यापेक्षा चांगली. मी गाडीला धरून ठेवायचो, तो तिच्याबरोबर जायचा. खड्डा आला की तो आधी वेग कमी करायचा आणि मागच्या टोपल्यांचा आवाज ऐकायचा. वांग्यांची टोपली सरकली तर त्याला न बघता कळायचं. रस्त्यात कोंबडी आली तर भोंगा वाजवायचा नाही, थांबायचा आणि म्हणायचा, "जा माय, घाई नाही." चढावर तो पुढे झुकायचा, जणू त्यानेच ओझं ओढायला हातभार लावला पाहिजे. गेअर बदलताना आवाज कधी झाला नाही.

श्रावणात एकदा त्याने वहिनीला पुढे बसवून अंबादेवीच्या दर्शनाला नेलं. मी मागे हौद्यात, रिकाम्या टोपल्यांत बसलो होतो. रस्ता ओला होता, दोन्ही बाजूला कापसाची पऱ्हाटी गुडघ्याएवढी आली होती. वहिनीने सुरुवातीला दोन्ही हातांनी दरवाजा घट्ट धरला होता. दादा गाडी इतकी हळू, इतकी एकसारखी नेत राहिला की मोझरी मागे पडेपर्यंत तिचा एक हात सुटला आणि मांडीवर आला. मळ्यापासून अमरावतीपर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि शिट्टी वाजवत होता.